मुरमाखालचे दोन ठोके

१

१८ डिसेंबर २००८, गुरुवार. पहाटे दाट धुके. नऊनंतर स्वच्छ ऊन पडले, पण वारा उत्तरेचा आणि बोचरा.

मंजुषाने नवऱ्याचा डबा भरला, त्याला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या बसपर्यंत सोडले आणि जवाहरनगरच्या क्वार्टरला कुलूप घातले. तिच्या हातात दुसरा डबा होता. त्यात लाखोरीच्या डाळीचे वडे होते, मामीसाठी. मामी दोन वर्षांपासून तिच्या गावच्या, म्हाताऱ्या बायांच्या निवासात होती. असा डबा घेऊन ती पाऊस संपल्यापासून तीनदा गेली होती आणि तीनदा तसाच परत आणला होता. पहिल्या वेळी मामी झोपलेली होती. दुसऱ्या वेळी तिला डॉक्टरकडे नेले होते. तिसऱ्या वेळी रामटेकच्या सहलीला. जिला संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती, ती रामटेकची टेकडी चढायला गेली होती म्हणे.

मंजुषाची आई ती चार वर्षांची असतानाच वारली. तिला वाढवले मामीने. पुढे मामाही गेला, तेव्हा त्याच्या खड्डामागावर मामीच बसली. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत, तिने पोटचा कैलाश आणि नणंदेची मंजुषा दोघांना मोठे केले. मागावर बसलेल्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, आवाजात हाक बुडते. म्हणून त्या घरी जेवायला बोलवायची रीत ठरलेली होती. लाकडी कांडीने मागाच्या खांबावर तीन ठोके द्यायचे. मामी धोटा थांबवायची आणि वीण ठोकून बसवायच्या हात्याचे दोन रिकामे ठोके परत द्यायची. ऐकले, येते.

आज मंजुषा फक्त भेटायला चालली नव्हती. क्वार्टरची मागची खोली तिने रिकामी केली होती, खाट टाकली होती, नवऱ्याला विचारून झाले होते. मामीला ती घरी आणणार होती. आणि आज कोणतेही कारण चालणार नव्हते, कारण आज निवासाचा वर्धापनदिन होता. आज सगळ्या बाया लोकांपुढे बसवाव्याच लागणार होत्या.

२

तुमसर रोडवरचे ते विणकरांचे गाव. म्हणजे एके काळचे. माग बहुतेक घरांतून निघाले, पण विणकरांचे गाव हे बिरुद गावाने सोडले नाही. कैलाशने भर चौकात साड्यांचे दुकान टाकले होते. पाटीवर अस्सल हातमाग असे लिहिले होते आणि आत गठ्ठेच्या गठ्ठे बाहेरच्या पावरलूमचे.

आईला निवासात ठेवण्याचे खरे कारण हेच होते. म्हातारी विसरायला लागली होती, पण कापड विसरली नव्हती. गिऱ्हाईक बसले असताना पडद्यामागून ओरडायची, ‘‘अवो बाई, मशीनचं होय ते! घेऊ नोका!’’ कैलाशने लोकांना सांगितले की आईच्या डोक्यावर परिणाम झाला. लोकांनी मान डोलावली. त्यांनाही तेच कापड विकायचे होते.

‘‘आली काय मंजुताई?’’ दुकानाचे शटर अर्धे ओढत कैलाश म्हणाला. ‘‘चाल, कार्यक्रम सुरू होऊन राहिला. मले स्टेजवर बोलावलं हाये.’’

‘‘मी मामीले घेऊन जातो आज. तुले सांगितलं होतं ना फोनवर?’’

‘‘ने ना. मी कुठं नाही म्हणतो? पण तिची तिथं जेवढी सेवा होते तेवढी तुह्या दोन खोल्यांत होईन काय? टाइमावर जेवण, टाइमावर औषध. भय्याजी म्हंजे देवमाणूस हाये.’’

‘‘तू कधी गेला होता शेवटचा?’’

‘‘जाऊन काय करू? चांगलंच चालू हाये ना सगळं!’’

एवढे बोलून तो पुढे चालू लागला. न बघता खात्री बाळगायची सवय गावातल्या सगळ्याच मोठ्या माणसांना होती. निवासाला गावाने सढळ हाताने दिले होते. फाटक्या साड्या दिल्या होत्या, लग्नातले उरलेले वरण दिले होते, आणि ज्या बायांचे काय करावे हे घरात कोणाला कळत नव्हते त्या बाया दिल्या होत्या. परत काही मागितले नव्हते. बायाही नाहीत.

फाटकाशी पोचल्यावर मंजुषाला आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा, ठक.

‘‘हे काय वाजते?’’

‘‘कोणाचा तरी माग असन,’’ कैलाश म्हणाला.

३

निवास म्हणजे विणकर सोसायटीची जुनी शेड. तलावाच्या पाळीखालीच ती बांधली होती, कारण ओल सुताला मानवते. सोसायटी बुडाल्यावर ती संस्थेला मिळाली. माग भंगारात गेले, त्यांचे खड्डे मुरूम भरून बुजवले, वर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर लाल गालिचा. इथे आता सभागृह होते. गालिच्याखालून खड्ड्यांचे चौकोन अजून ओळखू येत. लोक त्यांवर खुर्च्या टाकून बसले होते.

भाषण संस्थेच्या अध्यक्षांचे चालले होते. वासुदेवराव हे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षे वर्गात बोलून झाल्यावरही त्यांचे बोलणे संपले नव्हते. ‘‘समाजाचं ऋण’’ हा शब्द आला की ते डोळे मिटत.

ठक, असे पुन्हा झाले.

मंजुषाने मान वळवून खिडकीकडे पाहिले. आवाज बाहेरचा नव्हता. ती स्वतःशी हिशेबाने विचार करू लागली. मागाला एकच आवाज नसतो. धोटा सरकतो त्याची सर्र येते, पावडी खाली जाते तिचे करकरणे असते, आणि मग हात्याचा ठोका. इथे सर्र नव्हती, करकर नव्हती. नुसताच ठोका होता आणि दोन ठोक्यांत अंतर फार होते. एवढ्या संथपणे कोणी विणले तर कापड होणार नाही. मग मोटार असेल. पाण्याचा पंप असेल. पंपाला हवा लागली की तो असाच थांबून थांबून धक्के देतो.

पण पंपाचा धक्का पायाला लागत नाही. हा तिच्या चपलेच्या तळव्याला लागत होता.

शेजारी सुलोचनाबाई बसल्या होत्या. त्या निवासाच्या काळजीवाहक. ठेंगण्या, गजरा माळलेल्या, सतत हसऱ्या.

‘‘बाई, खाली काही वाजते काय?’’

सुलोचनाबाई हसल्या. ‘‘अगंबाई! विणकरांच्या गावात येऊन ठकठक कायची म्हणता? आमच्या तं कानालेही लागत नाही आता.’’

पुढच्या रांगेतल्या दोघी वळून हसल्या. त्यांच्याही कानाला लागत नव्हते. जन्मल्यापासून हे गाव ठकठक ऐकत आले होते. पाळण्यात ऐकली, जेवताना ऐकली, सरणावर ऐकली. खालून कोणी डोके आपटले असते तरी या गावाने कुणाचा धंदा चांगला चालला आहे असेच म्हटले असते.

४

टाळ्या झाल्या आणि बाया आल्या. एकीमागे एक, रांगेत, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या फिक्या निळ्या साड्या. खुर्च्यांवर बसल्या. कोणी खोकले नाही, कोणी पदर सावरला नाही, कोणी ओळखीचे माणूस शोधले नाही.

तिसऱ्या खुर्चीवर मामी होती.

मंजुषा उठलीच. इतक्या महिन्यांचा संशय क्षणात ओशाळा झाला. मामी होती! चांगली बसली होती, ताठ. गाल भरलेले होते. केस विंचरलेले होते. तिने मंजुषाकडे पाहून मान हलवली आणि हसली.

‘‘पाय, मी काय म्हणत होतो?’’ स्टेजवरून उतरून कैलाश कानाशी आला. ‘‘उगीच जीव टांगणीले लावते माणसाचा.’’

संस्थेचे संचालक भय्याजी माईकवर आले. झब्बा, खांद्यावर शाल, कपाळाला टिळा. आता मान्यवरांच्या हस्ते मातांचे पाद्यपूजन होईल, असे त्यांनी सांगितले. पितळी पराती आल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला. वर्षभर ज्यांच्या पायांना चपला आहेत की नाहीत हे कोणी विचारले नव्हते, त्यांचे पाय धुवायला आता रांग लागली. रांगेत पुढे जाण्यावरून दोन ग्रामपंचायत सदस्यांमध्ये थोडे झालेही.

‘‘मंजुताई, या ना! लेकीच्या हातानं धुवू द्या मामीचे पाय,’’ भय्याजींनी माईकवरच बोलावले. ‘‘क्या सीन बनेगा! फोटोवाले, इकडे.’’

मंजुषा खाली बसली आणि मामीचा पाय हातात घेतला.

पाय गुळगुळीत होता. टाचेला एकही भेग नव्हती. डिसेंबर महिन्यात, या धानाच्या मुलखात, साठी उलटलेल्या बाईची टाच लहान मुलाच्या गालासारखी! मामीच्या भेगांत रुपया उभा राहायचा. दर थंडीत ती त्यांत मेण वितळवून भरायची आणि शिव्या घालायची. पावडी दाबून दाबून उजव्या अंगठ्याखाली झालेला घट्टाही नव्हता. मंजुषाने तिथे बोट फिरवले. सपाट.

तिने शेजारच्या खुर्चीखाली पाहिले. त्या पलीकडेही पाहिले. सगळ्यांच्या टाचा तशाच होत्या, आणि पाणी ओतून झाल्यावरही प्रत्येक परातीतले पाणी जसेच्या तसे निवळशंख होते.

‘‘काय स्वच्छता ठेवली आहे!’’ वासुदेवराव सद्गदित होऊन म्हणाले.

५

‘‘तेल लावतो ना आम्ही रोज,’’ सुलोचनाबाईंनी विचारण्याआधीच सांगितले.

तेल. बरोबर आहे. मंजुषाने ते पटवून घ्यायचा मनापासून प्रयत्न केला. दोन वर्षे चालणे नाही, राबणे नाही, म्हणजे घट्टे जाणारच. धोट्याने फुटलेले डाव्या हाताच्या अंगठ्याचे नखही आता अखंड होते. नखे वाढतातच. माणूस बदलते. औषधाने तर फारच.

तिने डबा उघडला. ‘‘मामी, वडे आणले तुह्यासाठी. लाखोरीचे.’’

मामीने एक वडा घेतला, नीट चावून खाल्ला. मग दुसरा घेतला.

‘‘छान आहेत,’’ ती म्हणाली.

मंजुषाच्या हातचे काही खाऊन मामी जन्मात छान म्हणाली नव्हती. मीठ कमी, तेल जास्त, डाळ जाडी राहिली, तुह्या सासूनं हेच शिकवलं काय, यांतले काही तरी ती म्हणायचीच आणि मग सगळे संपवायची.

‘‘मीठ बरोबर झालं का मामी?’’

‘‘छान आहे.’’

‘‘मी कोण होय?’’

‘‘मंजुषा,’’ मामी हसून म्हणाली. नेहमीसारखे मंजे म्हणाली नाही.

खाली ठोका पडला. ठक.

मंजुषा अजून जमिनीवरच बसली होती. हातात स्टीलचा डबा होता. आपण काय करतो आहोत याची तिला स्वतःलाच लाज वाटली. खुर्चीत मामी बसली आहे, वडे खाते आहे, आणि आपण हे करतो आहोत. तिने डब्याचे बूड गालिच्यावर, बाजूच्या फळीवर, तीनदा आपटले.

खालचा आवाज थांबला.

मग आला. दोन ठोके. जवळजवळ, भराभर. ऐकले, येते.

६

‘‘मामी!’’ मंजुषा जमिनीकडे तोंड करून ओरडली.

‘‘काय गं?’’ खुर्चीतली म्हणाली, गोड आवाजात.

माना वळल्या. मग खुर्च्या सरकल्या, लोक जमले. कैलाशने तिचा दंड धरला. ‘‘काय चालवलं हाये तू? मामी समोर बसली हाये आन् तू फरशीले हाका मारून राहिली!’’

‘‘कैलाश, खाली कोणी हाये. तीनचे दोन दिले.’’

त्याचा हात क्षणभर सैल पडला. त्याच हाताने त्याने लहानपणी शंभरदा तीन दिले होते. मग पकड पुन्हा घट्ट झाली. ‘‘काही नाही. उंदीर असन.’’

‘‘माझी विनंती आहे, त्यांना रागावू नका,’’ वासुदेवराव म्हणाले. ‘‘भावनेच्या भरात होतं असं. स्त्रियांना विशेष.’’

भय्याजी मात्र हसले. त्या हसण्यात राग नव्हता, भीती तर नव्हतीच. ‘‘अरे, शंका हाये ना? मिटवून टाकू. हटवा गालिचा, काढा फळी. आपल्या संस्थेत झाकलेलं काही नाही.’’

दोघांनी फळी उचलली. खड्डा मुरमाने काठोकाठ भरलेला होता. तांबडा, कोरडा, धुम्मसाने चोपलेला. त्याच्या वर इतक्या वर्षांचा केर साचला होता. कोणी उकरल्याची खूण नव्हती. नखभरही जागा नव्हती.

लोक हसले. मोकळे, बरे वाटल्यासारखे हसले.

‘‘घ्या! निघाली मामी?’’ एक सदस्य म्हणाला.

‘‘फॅक्टरीत बारूद असते ना, डोक्यात जाते,’’ दुसऱ्याने भर घातली.

मंजुषाही हसली असती. हसून उठली असती. पण हात तिच्या मनाचा राहिला नव्हता. तिने डबा उलटा धरला आणि मुरमावर तीनदा आपटला.



दोन ठोके आले. मुरमाच्या वरची धूळ दोनदा उडाली.

यावेळी फरशी सगळ्यांच्या पायांखाली हलली होती. कोणी कोणाकडे पाहिले नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. मग पलीकडच्या खुर्च्यांखालूनही आले, दोन, आणि दाराजवळून, दोन. खुर्च्यांवर निळ्या साड्यांतल्या बाया ओले पाय पुढे करून हसत बसल्या होत्या.

वासुदेवरावांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

‘‘चहा थंड होऊन राहिला वाटते,’’ ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची शुद्ध भाषा सुटून तोंडी गावची बोली आली होती.

‘‘हो हो, चहा!’’

‘‘पोहे हायेत ना?’’

‘‘चला, चला. लेडीज पहिले.’’

आणि सगळे एकदम बोलू लागले. धानाच्या भावावर, भंडारा आणि गोंदिया वेगळे झाल्याने कोणाचे नुकसान झाले यावर, नागपूरच्या रस्त्यावर. इतक्या मोठ्याने बोलू लागले की तिसऱ्यांदा काही वाजले असते तरी कळले नसते. यातले कोणीही बहिरे नव्हते. मंडळी पंगतीत वाढणाऱ्याची चाहूल तीन घरांपलीकडून ओळखणारी होती.

७

सभागृहात मंजुषा उरली आणि खुर्चीतली ती.

खिडकीतून दुपारचे ऊन मुरमावर तिरपे पडले होते. त्या उजेडात तिला दिसले, खड्ड्याच्या कडेशी, मुरूम आणि भिंत यांच्या फटीतून सुताचे टोक वर आले होते. पांढरे सूत, वीतभर. मघाशी ते नव्हते. की होते, आणि केरात दिसले नव्हते? मागाच्या खड्ड्यात सूत सापडणे यात नवल काय? इथे वर्षानुवर्षे सूतच सांडत होते.

तिने ते चिमटीत धरले. ते ओले होते.

मुरूम कोरडा होता.

तिने सूत हलके ताणले. पलीकडून कोणी ते ताणले. हिसका नव्हता. ताणा बसला की नाही हे बघायला मामी बोटाने तार उचलून पाहायची, तसे, अगदी तसे. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

मंजुषाने दुसरा हात फटीकडे नेला. बोटे मुरमात घातली. मुरूम दगडासारखा होता, नख मोडले. ‘‘मामी,’’ ती कुजबुजली, ‘‘मंजी होय मी.’’ सूत तिच्या बोटाभोवती आपणहून एक वेढा घेऊन बसले. फटीत, ऊन पोचत होते तिथवर, काही तरी पांढरट होते. दगड असेल. मुळी असेल. मग त्यावर भेग दिसली. काळी, उभी, मेण भरलेली.

मागून खांद्यावर हात पडला. मऊ, कोरडा, उबदार.

‘‘चल ना,’’ खुर्चीतली म्हणाली. ‘‘घरी जाऊ.’’

बाहेर कैलाश गाडीचा हॉर्न वाजवत होता. ‘‘मंजुताई! बस भेटणार नाही मंग!’’

मंजुषाने वर पाहिले. तो हसरा, भरल्या गालांचा चेहरा. तक्रार नाही, ओरडणे नाही. कोणालाही दाखवता येईल असा. नवऱ्याला दाखवता येईल, शेजाऱ्यांना दाखवता येईल. मामी आणली म्हणून सांगता येईल. दुसरीकडे तिच्या बोटावर सुताचा एक ओला वेढा होता आणि त्याच्यामागे उकरायला लागेल तेवढा मुरूम, बोलावे लागेल तेवढे गाव.

तिने बोट सरळ केले. वेढा निसटला. सूत क्षणभर मुरमावर पडून राहिले, मग फटीत हळूहळू आत गेले.

८

संध्याकाळच्या बसने मंजुषा त्या बाईला जवाहरनगरला घेऊन आली. ती मागच्या खोलीत राहते. दोन्ही वेळा जेवते, छान म्हणते. तिच्या टाचांना त्या थंडीत भेगा पडल्या नाहीत, पुढच्या थंडीतही नाहीत.

२६ जानेवारी २००९ रोजी निवासाला उत्कृष्ट सेवेबद्दल सन्मानचिन्ह मिळाले. ते वासुदेवरावांनी स्वीकारले.

२ फेब्रुवारी २००९, सोमवार. आकाश निरभ्र. सभागृहातल्या फळ्या काढून सर्व खड्ड्यांवर सहा इंच काँक्रीट घातले. त्यावर टाइल्स बसवल्या. टाइल्स कैलाशने दिल्या.